हे नाणे नाही

टांकसाळीतल्या बाई फोनवर फार शांतपणे बोलत होत्या. संग्राहकांसाठी नाण्यांचे जे खास संच निघतात, म्हणजे डबीत बसवलेली, कुणाच्याही खिशाचा घाम न लागलेली चकचकीत नाणी, ते दरवर्षी सारख्या संख्येनं निघत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मागणी किती, धातूचा भाव काय, यंत्रं मोकळी आहेत का, असं सगळं बघून आकडा ठरतो. म्हणून एखाद्या वर्षी संच पडून राहतात आणि एखाद्या वर्षी माझ्यासारख्याचा नंबर लागायच्या आत संपतात.

"मॅडम," मी म्हणालो, "एक आकडा ठरवायचा आणि दरवर्षी तेवढेच काढायचे. ह्यात अवघड काय आहे?"

"काढून बघा, सर," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

बाईंनी हा टोमणा मारला की सल्ला दिला, ह्यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. माझी बायको दैवशाला म्हणते, टोमणा. मी मात्र ते आव्हान समजलो.

मी हरिओम तौर. पाटबंधारे खात्यात लिपिक आहे, जुन्या जालन्यात मस्तगडला राहतो आणि जालना जिल्हा नाणेप्रेमी मंडळाचा सचिव आहे. सचिव मी, कारण मंडळाची बैठक आमच्या घरी होते. आणि बैठक आमच्या घरी होते, कारण दैवशालाच्या हातचा चुरमुऱ्याचा सुशीला सगळ्यांना आवडतो. अध्यक्ष आमचे शेजारी काकासाहेब उढाण. तलाठी म्हणून निवृत्त झालेत. त्यांच्याकडे एकही जुनं नाणं नाही. "अध्यक्षानं कोण्या एका नाण्याकडं झुकू न्हाई," असं ते म्हणतात. तिसरे राजानंद सर, निवृत्त चित्रकला शिक्षक. चौथे समोरचे बद्रीनारायण सेठ, कापडाचे व्यापारी. त्यांना नाण्यांपेक्षा सुशीला जास्त कळतो, पण मंडळात एक तरी माणूस असा लागतो ज्याच्याकडे बघून लोक म्हणतात, की मंडळ काही अगदीच हे नाही.

त्या रविवारी मी बैठकीत टांकसाळीचा विषय काढला आणि शेवटी म्हणालो, "आपण आपल्या जिल्ह्याचे संच काढू. नाणी न्हाई, पदकं. पितळी. दरवर्षी एकशे एक. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई."

"शपथ घ्या मंग," काकासाहेब म्हणाले.

मी घेतली. माझी काही हरकत नव्हती. पण काकासाहेबांनी ती बातमी एका स्थानिक पेपरात दिली, माझ्या फोटोसकट. 'दरवर्षी एकशे एकच! तौर यांचा टांकसाळीला सवाल.' फोटो माझ्या लग्नातला होता. मुंडावळ्या कापल्या होत्या, पण एक लोंबत राहिली होती.

संचात तीन पदकं ठरली: जालन्याची मोसंबी, जालन्याचं बियाणं म्हणून सरकीचा दाणा, आणि जालन्याचं पोलाद म्हणून लोखंडी सळई. चित्रं राजानंद सरांनी काढली. मोसंबीत थोडी अडचण झाली. पदक गोल, मोसंबीही गोल, आणि सरांनी ती इतकी मोठी काढली की पदकाची कड कुठं संपते आणि मोसंबीची साल कुठं सुरू होते ते कळेना.

"सर, हे नुसतं कोरं पितळ दिसून राह्यलं," मी म्हणालो.

"आकारात आकार विरघळलाय, तौर," सर डोळे मिटून म्हणाले. "हे साधायला माझी तीस वर्षं गेली."

सळईचं उलट झालं. उभी सळई हुबेहूब एकच्या आकड्यासारखी दिसायला लागली. काकासाहेबांमधला तलाठी जागा झाला. "हरिओम, हे लोकं रुपया म्हणून चालवतील. आत जाशील. मागच्या बाजूनं साफ लिव्हून टाक, की हे नाणे नाही." म्हणून प्रत्येक पदकाच्या पाठीवर ठळक अक्षरांत 'हे नाणे नाही' आलं. एखाद्या माणसाच्या पाठीवर 'हा माणूस नाही' लिहावं, तसं ते मला वाटलं. पण कायदा तो कायदा.

ठसे पाडायचं काम नागसेनकडे दिलं. त्याचा एमआयडीसीत वायसर पाडायचा छोटा कारखाना आहे. वायसर म्हणजे नटबोल्टच्या खाली घालतात ती चकती. मधलं भोक सोडलं तर पदक आणि वायसर ह्यांच्यात काही फरक नाही, असं त्याचं मत होतं. मी त्याला एकशे एक संच सांगितले, तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला.

"भाऊ, एकशे एकात माझं मशीन झोपेतून बी उठत न्हाई. आन पत्रा पूर्ण घ्यावा लागतो. उरलेला म्या काय डोक्याला गुंडाळू?"

काकासाहेब सोबत आले होते. "घ्या हो पूर्ण पत्रा," ते म्हणाले. "एकशे एक तर मस्तगडच्या एका गल्लीत खपतेत."

"शपथ घेतलीय मी," मी म्हणालो.

"शपथ एकशे एक विकायची घेतलीय. पाडायची थोडीच?"

अशा वाक्याला उत्तर द्यायला माणूस वकील असावा लागतो. मी लिपिक असल्यानं बाहेर चहा प्यायला गेलो. परत आलो तर नागसेन फोनवर त्याच्या साल्याशी प्लॉटच्या भांडणावर बोलत होता आणि मशीन आपलं खडाखड मोसंब्या पाडून राह्यलं होतं. पत्रा संपला तेव्हाच ते थांबलं. सातशेच्या वर संच झाले.

पहिलं वर्ष अपवादाचं, असं मी पेपराला कळवलं. ते त्यांनी छापलं नाही. अपवादाला पेपरात जागा नसते.

संच खपले नाहीत. आमच्या गल्लीतही नाही. लोक यायचे, मोसंबीचं पदक हातात घ्यायचे, उलटंपालटं करायचे आणि विचारायचे, "ह्याच्यावर काय छापणार आहात?" उरलेल्या पिशव्या दिवाणाखाली गेल्या, मग धान्याच्या कोठीमागं, मग स्वयंपाकघरात. संक्रांत आली तेव्हा दैवशालानं पदर खोचला. "घरात एवढं पितळ पडलंय अन मी बाजारातून प्लास्टिकचे डबे आणू का वाणाला?"

तिनं हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला एकेक संच वाण म्हणून दिला. त्या बायकांनी तो आपापल्या हळदीकुंकवाला पुढं दिला. रथसप्तमीपर्यंत आमचे संच साऱ्या जुन्या जालन्यात फिरले आणि त्यांतले बरेचसे दैवशालालाच वाण म्हणून परत आले. वर तिळगूळ आला, हा नफा.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. भाजीवाल्या झुंबरबाईंना मी दहाचं खरं नाणं दिलं, तर त्यांनी ते परत माझ्या तळहातावर ठेवलं. "हे चालत न्हाई, भाऊ. खोटं असतंय." मग त्यांची नजर माझ्या पिशवीतल्या सळईच्या पदकावर गेली. त्यांनी ते उलटं केलं, नातीकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "हे द्या. ह्याच्यावर खरं काय ते लिव्हलेलं हाय."

दुसऱ्या वर्षी मी पक्कं ठरवून गेलो. चहा नाही, फोन नाही. मशीनसमोर खुर्ची टाकून बसलो आणि नागसेनला म्हणालो, "एकशे एकला मशीन बंद." नागसेननं मान डोलावली. मशीन सुरू झालं. चाळीसेक झाले असतील, आणि कारखान्यात बंदुकीचा बार निघावा तसा आवाज आला.

"डाय गेली," नागसेन म्हणाला.

डाय म्हणजे ज्या पोलादी ठशानं संचातल्या तिन्ही पदकांवर एकदमच चित्रं उमटतात तो ठसा. त्याला पहिल्या पदकापासूनच बारीक तडा गेला होता, आता तो पुरता फुटला होता. नागसेननं सांगितलं, की ठशाचं बी आयुष्य असतं, आणि मागच्या वर्षीच्या सातशे संचांतच ह्या डायचं म्हातारपण आलं होतं. थोडक्यात, मागच्या वर्षीचे जास्तीचे संच ह्या वर्षीच्या संचांच्या जिवावर निघाले होते. नवी डाय करायची तर मंडळात खडखडाट, कारण मंडळाचं भांडवल दिवाणाखाली.

चाळीसेक संचांवर वर्ष आटोपलं. राजानंद सरांनी पदकं बघितली आणि ते खुर्चीतून उठले. तडा मोसंबीच्या बरोबर मधून, खालच्या अंगाला बाक देऊन गेला होता. मोसंबी हसत होती!

"ही मी काढली नव्हती," सर पुटपुटले. मग म्हणाले, "पण ती माझ्या मनात होती."

बद्रीसेठच्या ओळखीच्या नाशिकच्या एका संग्राहकानं तिचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. 'जालन्याची हसरी मोसंबी. चुकीचा ठसा. फक्त चाळीस.' नाण्याच्या दुनियेत चूक म्हणजे देव. आठवडाभरात माझा फोन असा वाजायला लागला, की ऑफिसात साहेबांनी मला विचारलं, "तौर, तुमचं कुठं टेंडर-बिंडर चालू आहे का?" कोल्हापूरहून फोन, सुरतेहून फोन. जे लोक वर्षभरापूर्वी पदक उलटंपालटं करून निघून गेले होते, ते गल्लीत मला अडवायला लागले. आष्टीहून माऊली नावाचा एकजण आला. त्याचं तिकडं आइस्क्रीमचं दुकान आहे. तो आमच्या ओट्यावर ठाण मांडून बसला आणि म्हणाला, "भाऊ, गेल्या साली सातशे अन यंदा चाळीस? काही हिशेब हाय का न्हाई? एक आकडा ठरवायचा, ह्यात अवघड काय हाय?"

मी आत जाऊन पाणी प्यालो.

माझ्याकडे स्वतःसाठी एकही हसरी मोसंबी उरली नव्हती. सचिवानं आधी सभासदांना द्यावं म्हणून मी माझा संच काकासाहेबांना दिला होता. काकासाहेबांनी तो सुरतेला विकला. "अध्यक्षानं कशात जीव गुंतवू न्हाई," ते म्हणाले.

तिसऱ्या वर्षी सगळ्यांनी आधीच मागणी नोंदवली. सगळ्यांत मोठी मागणी बद्रीसेठच्या आईची. लाडबाईंनी वयाची ऐंशी ओलांडली आहे, पण घरात, दुकानात आणि कधीकधी आमच्याही घरात त्यांचाच शब्द चालतो. नात कनिकाचं लग्न काढलं होतं आणि लाडबाईंनी ठरवून टाकलं, की प्रत्येक पाहुण्याला ह्या वर्षीचा संच. पत्रिकेवर छापूनही टाकलं.

"माँजी, माझी शपथ एकशे एकची आहे," मी म्हणालो.

"बेटा, म्हारे पाहुणे हजार आहेत. शपथ तेरी, पाहुणे मेरे. जल्दी कामाला लाग."

नवी डाय आली. मंडळाची बैठक बसली ती एकाच मुद्द्यावर: ह्या वर्षी तडा पाडायचा की नाही? लोकांना तडाच पाहिजे होता. काकासाहेबांनी सुचवलं, की नागसेननं नव्या डायवर हळूच एक हातोडा मारावा. मी उभा राहिलो. म्हणालो, "चूक ही आपोआप झाली तरच चूक. ठरवून केली तर ती फसवणूक." मला वाटलं टाळ्या पडतील. बद्रीसेठ म्हणाले, "हरिओमजी, बोलणं बराबर आहे, पण सुशीला ठंडा होऊन राह्यला."

आणि ह्या सगळ्यात पालिकेच्या निवडणुका लागल्या. लागल्या तर लागल्या, पण राजानंद सरांना वाटलं की शहराला सौंदर्यदृष्टीची गरज आहे, आणि ते अपक्ष उभे राहिले. त्यांना चिन्ह मिळालं फळांची परडी. परडीत सगळ्यांत वर, गोल गरगरीत, मोसंबी.

मी ह्या दोन गोष्टींचा काही संबंध लावला नव्हता. तो लावला भरारी पथकानं. नागसेनचा टेम्पो पितळी चकत्या आणि नमुन्याची काही पदकं घेऊन निघाला होता, तो नाक्यावर अडवला. नागसेननं माझं नाव सांगितलं. मला ऑफिसातून बोलावून नेलं. खात्याच्या ओळखपत्राची नाडी गळ्यात होती, तशीच.

पथकाचे साहेब तरुण आणि अत्यंत सभ्य होते. सभ्य माणसाची मला जास्त भीती वाटते. त्यांनी मोसंबीचं पदक दिव्याखाली धरलं.

"हे काय आहे?"

"पदक आहे, साहेब."

त्यांनी ते उलटवलं. "ह्यावर लिहिलंय, हे नाणे नाही. जे नाणं नाहीच, त्यावर ते नाणं नाही असं कोण लिहितं?"

"आमचे अध्यक्ष, साहेब."

"मोसंबी कुणी काढली?"

"राजानंद सरांनी."

"म्हणजे उमेदवारांनी." साहेबांनी शेजारच्या कारकुनाकडे बघितलं. कारकून भराभर लिहायला लागला. "पहिल्या वर्षी किती काढली?"

"सातशेच्या वर."

"दुसऱ्या वर्षी?"

"चाळीसेक."

"आणि ह्या वर्षी, निवडणुकीच्या वर्षी, हजार. तौर, दरवर्षी संख्या बदलते. का बदलते ते सांगा."

हा प्रश्न मी स्वतः टांकसाळीला विचारला होता आणि मला त्याचं उत्तर आता पूर्ण ठाऊक होतं. मी मनापासून सांगायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी पत्रा पूर्ण घ्यावा लागला आणि नागसेनच्या साल्याचा फोन आला. दुसऱ्या वर्षी डाय म्हातारी झाली. मग मोसंबी हसली, म्हणून मागणी वाढली. मग कनिकाचं लग्न ठरलं. दरवर्षी चित्रं तीच, माणसं तीच, पण पितळ, यंत्र आणि लोकांची मर्जी ह्या तिन्ही गोष्टी कधी एका ओळीत येत नाहीत, साहेब. मी सुरतेचं सांगितलं, संक्रांतीचं वाण सांगितलं, झुंबरबाईंचं सांगितलं. बोलता बोलता मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं एवढं नीट ऐकून घेत होतं.

साहेब कारकुनाकडे वळले. "लिहा. समाधानकारक खुलासा दिला नाही."

चकत्या आणि नमुने निकाल लागेपर्यंत अडकले. नागसेन घाबरून आठ दिवस मशीनजवळ गेला नाही. आणि निकाल होता लग्नानंतर.

मी बद्रीसेठकडे गेलो. पत्रिका वाटून झाल्या होत्या. नुसत्या जालन्यातल्या नाही, जोधपूरपासून हैदराबादपर्यंत. संग्राहकांना वास लागला होता आणि त्यांनी बद्रीसेठशी नसलेली नाती काढून आमंत्रणं मिळवली होती. सेठ डोक्याला हात लावून बसले होते. मी सगळं सांगितलं.

"माझी चूक आहे," मी म्हणालो. "मीच स्टेजवर उभा राहून माफी मागतो."

लाडबाई कोपऱ्यात माळ ओढत बसल्या होत्या. त्यांनी माळ थांबवली. "ठसा कठे है?"

"डाय? ती नागसेनकडे आहे, माँजी. फक्त पितळ जप्त झालं."

"पितळावर बंदी आहे. खव्यावर तर नाही ना?"

सेठनं डोक्यावरचा हात हळूच खाली घेतला.

डाय आणली. लाडबाईंनी ती चिंच लावून स्वतः घासली, दोनदा उकळत्या पाण्यातून काढली, आणि हलवायाला समोर बसवून खवा, साखर आणि भरपूर जायफळ घालून पेढे दाबून घेतले. एक मोसंबी, एक सरकी, एक सळई. तीन पेढ्यांचा संच, लहान डबीत. प्रत्येक पेढ्याच्या पाठीवर सुबक अक्षरांत: हे नाणे नाही.

मी ते बघून सुन्न झालो. तीन वर्षांत पहिल्यांदा मोसंबी मोसंबीसारखी दिसत होती. खव्याला तो थोडासा फुगीरपणा आला होता, जो पितळाला येत नव्हता. राजानंद सर प्रचार सोडून आले, एक पेढा हातात धरला आणि म्हणाले, "माध्यम चुकलं होतं, तौर. मी आयुष्यभर चुकीच्या माध्यमात काम केलं."

लग्न दणक्यात झालं. भरारी पथकानं गाडी पाठवली होती. त्यांनी डबी उघडली, वास घेतला, एकमेकांकडे बघितलं आणि कायद्याच्या कोणत्याही कलमात न बसणारी गोष्ट म्हणून तीन डब्या खाऊन गाडी परत गेली. खरी पंचाईत संग्राहकांची झाली. ते डब्या हातात धरून मांडवभर फिरत होते. ठेवावं तर खराब होणार, खावं तर संच मोडणार. सुरतेचा माणूस मला म्हणाला, "तौरजी, यह आपने हमारे साथ क्या किया?" आणि रडत रडत त्यानं सरकी खाल्ली. मग मोसंबी खाल्ली. मग दुसरी डबी मागितली. काकासाहेबांनी किती डब्या घेतल्या ते मी विचारलं नाही. अध्यक्षांनी त्या दिवशी कशातही जीव गुंतवला नव्हता असं नाही.

निकाल लागला. राजानंद सर पडले. चकत्या परत मिळाल्या, पण मंडळानं ठराव केला, की ह्या वर्षीचा संच निघून गेला आहे. तो पुन्हा पितळात काढणं म्हणजे लोकांना फसवणं. संच निघाले हजार, शिल्लक शून्य. जगातला सर्वांत दुर्मीळ संच आमच्या मंडळाचा होता आणि तो पाहुण्यांना पचला होता.

गेल्या महिन्यात आम्ही एका मंगल कार्यालयात नाण्यांचं प्रदर्शन भरवलं. बऱ्यापैकी गर्दी होती. दुपारी आष्टीचा माऊली आला. त्यानं थर्माकोलचा डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं, बर्फाचा धूर बाहेर आला, आणि आत काचेसारख्या पारदर्शक डबीत तीन पेढे. मोसंबी, सरकी, सळई.

"कनिकाताईच्या लग्नातला," माऊली हळूच म्हणाला. "मांडवातून थेट दुकानाच्या डीप फ्रीजरात नेल्ता. बायकोला बी हात लावू दिला न्हाई. भाऊ, मला अस्सल असल्याचं प्रमाणपत्र पाहिजे."

क्षणात टेबलाभोवती माणसं गोळा झाली. देवळात काढावी तशी कुणीतरी पायातली चप्पल काढली. काकासाहेब पुढं आले, त्यांनी चष्मा लावला, आणि म्हणाले, "नकली आहे."

"काय बोलून राह्यले काका!" माऊली ओरडला.

"साचे निघालेत बाजारात. असा पेढा आता कोणी बी पाडतो. हरिओम, सही करू नको. मंडळाची अब्रू जाईल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माऊलीचा चेहरा पडला होता. वर्षभर त्यानं एक संच जपला होता, आइस्क्रीमच्या जागेत, बायकोशी भांडून, आणि आता साऱ्या जिल्ह्यासमोर तो खोटा ठरत होता. तो खोटा असेल आणि मी सही केली, तर मंडळाचं हसू होणार. तो खरा असेल आणि मी नाही म्हणालो, तर एका प्रामाणिक माणसाचं वाटोळं.

पहिल्या रांगेत खुर्चीवर लाडबाई बसल्या होत्या. त्यांनी काठी आपटली. "म्हारे पेढ्यात जायफळ होतं. बाजारवाले जायफळ घालत नाहीत, महाग पडतं. चाखून बघ, बेटा."

"चाखायचं?" माऊलीनं डबी छातीशी धरली.

"चाखल्याशिवाय प्रमाणपत्र न्हाई," काकासाहेब म्हणाले.

माऊलीनं डोळे मिटले, मोसंबीचा पेढा बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. मी आधी नखानं खरवडायचा प्रयत्न केला. वर्षभर फ्रीजरात राहून तो दगड झाला होता. नखाचा काही उपयोग होईना. मग मी तो दातांत धरला, आणि एवढ्या माणसांसमोर बेअब्रू नको म्हणून जरा जोरातच चावलो.

कट् असा आवाज आला. साऱ्या कार्यालयानं ऐकला.

क्षणभर मला वाटलं पेढा तुटला. पेढ्याला काही झालं नव्हतं. माझ्या समोरच्या दाताचा मोठा तुकडा त्याच्यात रुतून बसला होता, मोसंबीच्या बरोबर मधोमध. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातून हळूहळू जिभेवर चव उतरली. खवा, साखर, आणि मागून, अगदी मागून, जायफळ.

"अफ्फल!" मी दोन्ही हात वर करून म्हणालो. "अफ्फल आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माऊलीनं मला मिठी मारली. दैवशाला रुमाल घेऊन धावत आली, तिनं माझं तोंड बघितलं, मग पेढा बघितला, आणि म्हणाली, "अहो, तुकडा काढून घ्या आधी. डॉक्टर चिकटवून देतील. जल्दी चला."

मी हात पुढं केला. "माऊली, माझा दात."

माऊलीनं पेढा अलगद, दातासकट, डबीत परत ठेवला. झाकण लावलं. मग दोन्ही हात जोडून, अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "भाऊ, जगात एकच राह्यलाय. आता तुम्हीच सांगा, मी संच मोडू का?"

आयुष्यात मी कुणाला संच मोड असं सांगितलेलं नाही. दैवशालाचा रुमाल मी तोंडाला लावला, खुर्ची ओढली, आणि प्रमाणपत्रावर 'पेढे तीन, दात एक' असं लिहून सही केली.